बिडाचा तवा, लोखंडी कढई आणि आपण
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचे राहिले ते राहिलेच. म्हणून अध्यक्षीणबाईंनी जेव्हा "तुम्ही लोखंडाच्या भांड्यांवर बोला" असे सांगितले, तेव्हा मी म्हटले की बोलण्यापेक्षा मी करूनच दाखवते. त्यावर त्या म्हणाल्या, "आधी बोला. स्मरणिकेत थालीपीठ छापता येत नाही." तेव्हा हे चार शब्द.

माझे माहेर सिंधुदुर्गातले आणि सासर इथले, कोल्हापूरचे. १९९९ साली लग्न होऊन आले तेव्हा आईने भांड्यांबरोबर एक बिडाचा तवा दिला होता. पुष्कळ जणी अजूनही मला विचारतात की बीड म्हणजे काय, आणि लोखंडी तवा तो हाच का. दोन्ही लोखंडच, पण करणी वेगळी. पत्र्याचा तवा ठोकून, दाबून करतात. तो पातळ असतो, हलका असतो, खाली पडला तर पोचा येतो, मोडत नाही. बीड म्हणजे वितळवून साच्यात ओतलेले लोखंड. त्यात कोळशाचा अंश, म्हणजे कार्बन, शंभरात दोन ते चार भाग असतो. त्यामुळे ते कडक होते आणि ठिसूळही होते. बिडाचा तवा फरशीवर पडला तर त्याचे दोन तुकडे होतात, आणि ते जोडून घेणे घरच्या बाईच्या हातातले काम नाही.

आपल्या कोल्हापुरात ओतकामाची ओळख करून द्यायला नको. उद्यमनगर म्हणा, शिरोली म्हणा, प्रत्येकीच्या ओळखीपाळखीत कोणीतरी फौंड्रीत कामाला असतेच. मोटारींचे, पंपांचे भाग इथे ओतले जातात. आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती १९१० साली वसवली. त्यांचे लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घ्यायला तयार नसत. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा समजूत होती. आज आपल्या सुना म्हणतात की लोखंडाने भाजी नासते. समजुतींचे असेच असते, घर बदलून राहतात. जाता जाता सांगते, आपल्या आजी-पणजी ज्या हौसेने वाचायच्या ते 'स्त्री' मासिक १९३० साली निघाले, तेही याच वाडीतून. नांगर ओतणाऱ्या गावाने बायकांसाठी मासिक काढले, याचे मला फार कौतुक वाटते.

आता तवा तयार कसा करायचा ते सांगते, कारण तक्रारी सगळ्या तिथूनच येतात. "बाजारातून हौसेने आणला, पहिलेच घावन चिकटले, ठेवून दिला माळ्यावर." तो तवा बिचारा तयारच झालेला नव्हता. नव्या तव्याला कारखान्यातले तेल, काळी भुकटी, कधी साच्यातली बारीक वाळू असते. तो एकदा, आणि एकदाच, साबण लावून काथ्याने खसखसून धुवावा. मग तांदळाच्या धुवणात किंवा पेजेत बुडवून ठेवावा. रोज पाणी बदलावे. दोन-तीन दिवसांनी काढून परत घासावा आणि चुलीवर पूर्ण कोरडा करावा. कोरडा म्हणजे फडक्याने पुसलेला नव्हे, विस्तवावर तापवून वाळवलेला. मग तेलाचा हात फिरवावा. इथे बहुतेक जणी सढळ हाताने तेल ओततात आणि तवा चिकट होतो. तेल लावायचे आणि मग असे पुसायचे की जणू चुकून लागले होते. मंद आचेवर धूर येईपर्यंत तापवायचा, निवू द्यायचा, परत तेलाचा हात, परत आच. असे चार-पाच वेळा. शेवटी मूठभर कांदा तेलावर काळपट होईपर्यंत परतून टाकून द्यायचा.

तेल तापले की त्याचा लोखंडावर एक पातळ, कठीण थर धरतो. रंगाला जवसाचे तेल घालतात ते वाळून कसे कडक होते, तसेच हे. माझा धाकटा इंजिनियरिंगला आहे, त्याने मला त्याचे शास्त्रीय नाव सांगितले होते, पण नावाने तवा सुटत नाही. रोज वापरल्याने सुटतो. आईचा तवा आता इतका गुळगुळीत आहे की अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून फिरवला की पुरे. माहेरी त्यासाठी नारळाची शेंडी वापरत, आणि वांग्याचे देठही चालते.

घावनाला बीडच का, हेही सांगते. घावनाचे पीठ पाण्यासारखे पातळ. पातळ तव्यावर ते पडले की तवाच थंड होतो आणि पीठ बसते. बिडाच्या अंगात ऊब साठलेली असते. पीठ पडताक्षणी त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि वाट काढून निघून जाते. तीच जाळी. थालीपिठालाही हाच गुण उपयोगी. मंद आचेवर, वर झाकण ठेवून, आत मऊ आणि तळाशी खरपूस. भाकरीला मात्र मी पत्र्याचा खोलगट तवाच घेते. भाकरीला आच पटकन कमी-जास्त करावी लागते, आणि बीड काही कोणाचे पटकन ऐकत नाही. तापायला वेळ, निवायला वेळ. गॅस मोठा करून घाई केली तर मधेच जळते आणि कडेला कच्चे राहते. ज्यांच्याकडे विजेची इंडक्शन शेगडी आहे त्यांचेही बिडावर चालते, फक्त सुरुवात बारीक आचेवर करावी.

कढईतले काय आणि कशातले काय, याचेही तारतम्य हवे. पालेभाजी, झुणका, परतलेली गवार, सुके बटाटे, फोडण्या, तळण हे लोखंडात. कोकमाची आमटी, चिंचेचा कोळ घातलेले सार, टोमॅटोचा रस्सा हे लोखंडात शिजवत ठेवू नये. आंबटाने तव्याचा थर सुटतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. वांगी, कच्ची केळी, केळफूल काळे पडते. त्याला विष समजून टाकून देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. विष काही नाही. त्यांच्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, ती याच जातीची. दिसायला वाईट, म्हणून नको, इतकेच. आणि भाजी झाली की दुसऱ्या भांड्यात काढावी. रात्रभर कढईत राहिली तर काळी आणि कडवट होणार, मग दोष कढईचा नाही.

आता ज्यासाठी मी मुळात बोलायला कबूल झाले तो मुद्दा. २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची सरकारी पाहणी झाली. त्यात १५ ते ४९ वर्षे वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या वर हवे. माझ्या थोरलीचे तपासले तेव्हा ९ सुद्धा नव्हते. कॉलेजात जाणारी मुलगी, जिना चढली की धाप लागायची, आणि आम्ही म्हणत होतो की मोबाईल पाहत जागते म्हणून थकते.

डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारले, "घरात लोखंडाची कढई आहे का?" मला त्या प्रश्नाचेच नवल वाटले. त्यांनी सांगितले की आफ्रिकेतल्या इथिओपिया देशात काही लहान मुलांच्या घरी लोखंडाची भांडी दिली आणि काहींच्या घरी ॲल्युमिनियमची. वर्षभराने लोखंडाच्या भांड्यातले जेवलेल्या मुलांचे हिमोग्लोबिन जास्त वाढलेले होते. तो निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे माझ्या लग्नाच्या वर्षी, आईने तवा दिला त्याच वर्षी.

थोरलीचे रक्त आता बरे आहे. ते गोळ्यांनी वाढले की कढईने, हे मी सांगू शकत नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायच्याच. कढई गोळ्यांची जागा घेत नाही. उलट थॅलॅसेमियासारखा आजार असेल तर जास्तीचे लोह वाईट, तिथे आधी डॉक्टरांना विचारावे. शिवाय जेवणावर लगेच चहा घेतला तर पोटात आलेले लोह अंगी लागत नाही. तोच तुरटपणा तिथेही आड येतो. लिंबू पिळले तर फायदा होतो. चहाचे ऐकून काही जणींचे चेहरे पडले आहेत ते मला इथून दिसते. तासभर थांबा, सोडा म्हणत नाही.

पण मैत्रिणींनो, याच्याही आधीची एक गोष्ट आहे. आमच्या सासूबाई सगळ्यांत शेवटी जेवायच्या. पुरुष, मग मुले, मग आलेगेले, मग आम्ही सुना, आणि मग त्या. भाजी संपलेली असायची. त्या कढईत गरम भात घालून, कडेचे तेल-तिखट पुसून घेत आणि कढईतच जेवत. आम्ही हसायचो. कढईत जेवले तर लग्नात पाऊस पडतो म्हणतात ना, तर त्या म्हणायच्या, "माझे लग्न झाले, आता पडू दे किती पडायचा तो." लोखंड काय ते त्या भातात आले असेल. भाजी आली नाही. डाळ बहुधा आली नाही. त्यांचे रक्त कधी कोणी तपासले नाही. वयाच्या पन्नाशीतच त्यांना अंगणातून माडीवर यायला दोनदा बसावे लागे, आणि आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो.

आता मी आमच्या घरी काय केले ते सांगते, कारण बोलून दाखवण्यापेक्षा ते बरे. भाजी कढईतून काढतानाच घरातल्या प्रत्येक बाईची वाटी आधी भरून झाकून ठेवायची. पहिल्या आठवड्यात घरात कुरकूर झाली. "आम्ही काय सगळी संपवणार आहोत का?" अशी. मी भांडले नाही, वाट्या भरत राहिले. आता आमचे 'हे' स्वतःच विचारतात की तुझी वाटी काढलीस का.

म्हणूनच गेल्या बैठकीत मंडळाच्या कपाटातल्या दोन लोखंडी कढया आणि मोठा बिडाचा तवा मोडीत घालायचा विषय निघाला, तेव्हा मी हात वर केला. त्या जड आहेत, खरे आहे. बिडाचा तवा दोन-अडीच किलोचा, कढई त्याहून भारी. ज्यांचे मनगट दुखते त्यांनी तो उचलूच नये, घरातल्या पुरुषाला हाक मारावी. त्यांच्यावर गंज चढला आहे, हेही खरे. पण गंज उतरतो. मोडीत त्यांचे किलोवर जे पैसे येतील त्यात हलकी भांडी येतील आणि ती काही वर्षांनी परत मोडीत जातील. लेप दिलेला न चिकटणारा तवा मी वाईट म्हणत नाही, धिरड्याला सोयीचा आहे, पण रिकामा तापवत ठेवता येत नाही आणि ओरखडा पडला की त्याचे दिवस भरले. बिडावर ओरखडा पडला तर परत तेलाचा हात.

माझी सूचना अशी की त्या दोन कढया तयार करून मंडळाने सभासदांना पाळीपाळीने महिना-महिना वापरायला द्याव्यात. ज्या घरी गरोदर सून असेल किंवा वयात आलेली मुलगी असेल तिथे आधी. अट एकच, भाजीची पहिली वाटी तिची. हे नोंदवहीत लिहून ठेवता येणार नाही, पण आपण एकमेकींच्या घरी जातोच की.

मोठा तवा मात्र आवळीभोजनासाठी मंडळाकडेच ठेवावा. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली स्वयंपाक करून जेवायचे, ही आपल्या बायकांची जुनी सहल. आता मुले 'कॅम्पिंग' म्हणतात आणि तंबू घेऊन जातात, तेव्हा आपणच पहिल्या असे मी त्यांना सांगते. माझी पुतणी अमेरिकेत आहे. तिकडे रानात राहायला जाताना तीन पायांचे बिडाचे पातेले नेतात, त्याच्या झाकणाला वर काठ असतो आणि त्यावर निखारे ठेवून आत केक करतात म्हणे. मी तिला विचारले, मग आपले धोंडस वेगळे काय?

गेल्या कार्तिकात आपण शेतावर गेलो होतो तेव्हा चूल मी मांडली होती, म्हणून त्याबद्दल थोडे. तीन दगडांची चूल एका भांड्याला ठीक. चार भांडी असतील तर वाऱ्याच्या दिशेने वीतभर खोल चर खणावा आणि त्यावर भांडी ओळीने ठेवावीत. बाभळीची किंवा दुसरी कोणती वाळकी लाकडे आधी जाळून निखारे होऊ द्यावेत. ज्वाळेवर बीड ठेवले की एका बाजूने करपते. निखाऱ्यावर सगळीकडून सारखे तापते. स्वयंपाक करायच्या आधी अर्धा तास चूल पेटवायची, हेच काय ते रहस्य. त्या दिवशी आपण झुणका, भाकरी आणि खर्डा केला. खर्डा तर बिडावरच करावा. मिरच्या, लसूण, शेंगदाणे तेलावर भाजायचे, मीठ घालायचे आणि तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडायचे. लेपाच्या तव्यावर हे करून पाहा म्हणजे कळेल.

धोंडस मी माहेरून आलेल्या तवशाचे केले होते. तवसे किसून, त्यात भाजलेली तांदळाची कणी, गूळ, ओले खोबरे. कढईला तळाशी केळीचे पान, त्यावर मिश्रण, वर जड झाकण. खाली थोडे निखारे, झाकणावर त्याहून जास्त. खाली जास्त ठेवले तर बूड जळते आणि वरून कच्चे राहते. तासाभराने वास आला की समजावे.

त्याच दिवशी एकीने, नाव सांगत नाही, लवकर धुऊन होईल म्हणून तापल्या बिडावर तांब्याभर गार पाणी ओतले. कसा आवाज झाला तो सगळ्यांना आठवत असेल. बीड वाकत नाही, म्हणून एका जागी एकदम गार झाले की तडकते. तवा तिचा स्वतःचा होता, तिला वाईट वाटले ते वाटलेच. रानात तवा धुवायचाच नाही. आपोआप निवू द्यायचा, राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासायचा, ओल्या फडक्याने पुसून परत निखाऱ्यावर कोरडा करायचा, तेलाचा हात लावून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधायचा. आणि निघण्याआधी चूल पाणी-माती घालून, हात लावून बघून विझवायची. कार्तिकात गवत वाळायला लागलेले असते, वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

एक मात्र सांगते. गड चढायचा असेल तर बीड नेऊ नका. माझा मुलगा मित्रांबरोबर किल्ल्यांवर जातो, त्याला मी पत्र्याचा हलका तवा देते. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांच्या मोठ्या कढया ट्रकमधून जातात, पाठीवरून नव्हे. जिथे गाडी जाते तिथे बीड, जिथे पाय जातात तिथे पत्रा.

येत्या गुरुवारी दुपारी ३ वाजता मंडळाच्या मागच्या अंगणात आपण मंडळाच्या कढया आणि तवा घासायला घेणार आहोत. अध्यक्षीणबाईंनी परवानगी दिली आहे. ज्यांच्या माळ्यावर गंजलेला तवा पडला असेल त्यांनी तोही घेऊन यावा. जुने सुती फडके, एक कांदा आणि काथ्या आपापला आणावा. तेल मी आणते, गोवऱ्या दूधवाल्याच्या घरून येतील. सगळे तवे काळे झाल्यावर कोणाचा कोणता हे ओळखू येत नाही, तेव्हा घरून निघतानाच आपल्या तव्याची खूण नीट पाहून या.